ऐकू आलं की बटण दाबा

पडदे परत घेतात का, असं तिनं विचारलं तेव्हा मी एका कानाच्या मशीनमध्ये सेल बसवत होतो. हा सेल शर्टाच्या बटणाएवढा असतो. तो माझ्या हातून निसटला, टेबलावरून घरंगळत कपाटाखाली गेला आणि मी तो शोधायला वाकलो तो जरा जास्तच वेळ वाकून राहिलो. कपाटाखाली बरंच काही होतं. धूळ होती, एक मोडका कंगवा होता, माझं पुढचं आयुष्य होतं. "शिट्टी," ती वरून म्हणाली, "मी काय विचारतेय? आईंनी पडदे घेतलेत ना? दुकानवाले परत घेतात का?" मी खालूनच म्हणालो, "शिवलेले घेत नाहीत." "शिवलेसुद्धा?" "शिवून, घड्या घालून ठेवलेत. मोठ्या मोठ्या फुलांचे आहेत. भयंकर दिसतात." त्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. मग ती म्हणाली, "असू देत मग. खिडक्या काय, आहेतच." तिनं मुलांची दुरुस्त झालेली मशीनं पिशवीत भरली आणि ती गेली. जाताना दार हळू लावलं. दिवसभर ऐकू न येणाऱ्या मुलांत राहून दार हळू लावायचं असतं हेच ती विसरलेली आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यावरून तिला दोनतीनदा झापलंय. आज दाराचा आवाजच आला नाही. मी कपाटाखालून डोकं काढलं, सेल हातात होता, आणि मला सगळं कळलं होतं.

मी लोकांचे कान तपासतो आणि ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. मुलांना घेऊन ती आमच्या दवाखान्यात यायची, म्हणून मी तिला बाई म्हणायला लागलो. मी पगार घेऊन लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवतो म्हणून ती मला शिट्टी म्हणायला लागली. पुढे कळलं की ती आमच्याच चर्चमधली. मागच्या दाराशेजारी बसायची आणि गाणी इतक्या मोठ्यानं आणि इतकी बेसूर म्हणायची की पुढचे लोक मान वळवून बघायचे. दिवसभर ज्यांना आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी ओरडणारं माणूस देवासमोरही ओरडतं, असं मला वाटलं, आणि मी पाच-सहा बाक मागे सरकलो. तिनं मला हातांची भाषा शिकवली. पहिल्याच दिवशी मी तिच्या सगळ्या वर्गाला हातवारे करून 'मी तुमचा मित्र आहे' असं सांगितलं. वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला. मी 'मी तुमचा चमचा आहे' असं सांगितलं होतं म्हणे. अजून ती मुलं मला दिसली की जेवल्यासारखं करतात.

तर आमच्या मंडळीत एक रीत आहे. तिला आम्ही नुसतं 'थांबणं' म्हणतो. दोघांना लग्न करायचं असलं की त्यांनी पाळकसाहेबांना सांगायचं आणि मग कामापुरतं सोडून एकमेकांना भेटणं, बोलणं, फोन करणं बंद. प्रत्येकानं एकट्यानं देवाला विचारायचं, की हे तुझ्या मनात आहे का. काही आठवड्यांनी पाळकसाहेब एक शनिवार ठरवतात. त्या संध्याकाळी दोघांनी चर्चच्या मागच्या खोलीत जायचं आणि काय उत्तर मिळालं ते समोरासमोर सांगायचं. दोघांना हो आलं तर रविवारी सगळ्यांसमोर जाहीर होतं. दोघांना नाही आलं तर हात मिळवून मोकळं व्हायचं. एकाला हो आणि एकाला नाही आलं तर परत थांबायचं, आणि पाळकसाहेबांचा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की दुसऱ्या खेपेला बहुतेक सगळे नकार विरघळतात. आमचा शनिवार आजचा होता. त्या आधी आपलं उत्तर सांगायचं नाही हा नियम. बाईनं तो मोडला नाही. तिनं फक्त आईनं आमच्या लग्नासाठी शिवून ठेवलेल्या पडद्यांबद्दल विचारलं.

लोकांना नकार मिळतो तो कुणातरी दुसऱ्या पोरामुळे. पगारामुळे, उंचीमुळे, मुलाच्या घरी संडास बाहेर आहे म्हणून. त्या नकारांशी भांडता येतं, निदान दुसऱ्या पोराच्या गाडीची हवा तरी सोडता येते. माझ्या वाटेत कोण उभा होता, तर आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा. फार पूर्वी एकानं त्याच्याशी रात्रभर कुस्ती केली होती असं आम्हाला लहानपणी शिकवलंय, पण तो माणूस त्यानंतर जन्मभर लंगडला, आणि मी तर शाळेत कबड्डीतही राखीव होतो. मी सेल मशीनमध्ये बसवला. मशीन कानाला लावून बघितलं. मशीन चालू होतं. दवाखान्यात पंखा फिरत होता, जिन्यात कुणीतरी चपला झटकत होतं, आणि सगळं नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं ऐकू येत होतं.

तेवढ्यात दुपारचे पाहुणे आले. एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको. बायको आत शिरता शिरताच म्हणाली, "ह्यांना सगळं ऐकू येतं हो. भावाचा फोन आला की येतं, टीव्ही लावला की येतं. मी पिशवी आणा म्हटलं की तेवढं येत नाही. तपासा आणि लिहून द्या मला." काका भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होते. मी त्यांना शांत खोलीत नेलं. शांत खोली म्हणजे खोली कसली, कपाटच. जाड दार, भिंतींना आतून स्पंज, एक छोटी काच. माणसाला आत बसवायचं, कानांवर तो मोठा हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. बटण दाबलं की बाहेर माझ्या टेबलावर दिवा लागतो. मी नेहमीचं सांगितलं: शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, कितीही बारीक असली तरी दाबा, आणि ऐकू आली नाही तर दाबू नका. हे शेवटचं वाक्य आजवर कुणीही ऐकलेलं नाही. मी दार लावलं, टेबलाशी येऊन बसलो, चहाचा कप बाजूला केला, आणि दिवा लागला. मग विझला. परत लागला. मी अजून मशीनला हातही लावला नव्हता. काचेतून काका दिसत होते, ताठ बसलेले, समोर घाट असल्यासारखे नजर रोखून, आणि मोठ्या आत्मविश्वासानं अंगठा दाबत होते. दिवा लागत होता, विझत होता, लागत होता.

ही गंमत मी शेकडो वेळा बघितलीय आणि एरवी मला हसू येतं. आज नाही आलं, कारण गेले काही आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच खुर्चीत मी बसत होतो. या शहरात देवाचं ऐकायला याहून शांत जागा मिळणार नाही असा माझा हिशेब होता. चर्चमध्ये कबुतरं आहेत, घरी आई आहे. इथं स्पंज आहे. मी जाड दार ओढून घ्यायचो, हेडफोन चढवायचो, बटण हातात घ्यायचो आणि म्हणायचो, प्रभू, तू बोल, मी दाबतो. मग बसायचो. लोकांना वाटतं शांततेत काही ऐकू येत नाही. भरपूर येतं. रक्त ऐकू येतं, मानेत कुठेतरी पाण्याची मोटर चालू असल्यासारखं. पोटातलं सकाळचं ऐकू येतं. पापणी मिटल्याचा आवाज येतो. पण यातलं काहीच हो किंवा नाही असं म्हणत नव्हतं. मी सवलतही देऊन बघितली. म्हटलं, अगदी बारीक चालेल, एका कानात चालेल, शब्द नको, नुसतं खोकलास तरी मी समजून घेईन. एकदा मला स्पष्ट टकटक ऐकू आली आणि माझा अंगठा खाली गेलासुद्धा. बघतो तर काचेवर डॉक्टरीणबाई, पेशंट खोळंबलेत म्हणून. आणि एकदा, शेवटच्या आठवड्यात, मला हो ऐकू आलं. खणखणीत. मी घाईनं दाबणार तेवढ्यात मला तो आवाज ओळखीचा वाटला. गॅसच्या ऑफिसात फोन करताना मी जो जरा जाडा आवाज काढतो, तो होता. मी अंगठा बटणावरून काढला आणि डबा न खाताच कामाला लागलो.

मी आत गेलो, काकांचा हेडफोन काढला आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणालो, "काका, मी अजून सुरूच केलं नव्हतं." काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "माहितेय. दार लाव." मी दार लावलं. त्या कपाटात दोन माणसं म्हणजे बसमध्ये ड्रायव्हरच्या मांडीवर बसल्यासारखं होतं. "डावा गेलाय," काका म्हणाले. "उजव्यात आहे थोडा. तू दोन्ही चांगले आहेत असं लिहून दे." "का?" "तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. वाटू दे. मुद्दाम ऐकत नाही म्हटलं की ती भांडते. ऐकूच येत नाही म्हटलं तर रडेल. मला तिचं भांडण चालतं." "पण भांडणही ऐकू येत नसेल ना तुम्हाला?" "हात दिसतात की." मी म्हणालो, मला तसं लिहिता येत नाही. ते म्हणाले, "कोण बघतोय रे? तुझ्या शिट्ट्या, तुझा दिवा. बाहेर कुणाला काय कळणार?" मी परत तपासणी घेतली. या खेपेला काका इतके रुसले होते की शिट्टी वाजली तरी दाबत नव्हते. मला आत जाऊन दोनदा विनवणी करावी लागली. शेवटी मी त्यांच्या बायकोला आत बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. ती रडली नाही. हातातली पिशवी तिनं त्यांच्या खांद्यावर हाणली, "मग सांगायला काय जीभ झडली होती?" असं म्हणाली, आणि दोघं निघाली. जिन्यापाशी मात्र ती थांबली. आली होती तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला चालत होती. आता मागून वळसा घालून उजव्या हाताला गेली. एवढंच. मी कप धुवायला नेला आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

घरी आई माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. आई देवाला विचारल्याशिवाय काही करत नाही. कुठला रंग लावायचा, दूधवाला बदलायचा का, दात काढायचा की भरायचा. त्याचं आणि तिचं अखंड चालू असतं, मधे मधे ती "बरं बरं" असंही म्हणते. मी लहानपणी समजायचो की देव नावाचे कोणीतरी काका आमच्या स्वयंपाकघरात राहतात आणि फक्त मी शाळेत गेल्यावर बाहेर येतात. आमच्या लग्नाला तर तिला आमच्या आधीच होकार मिळाला होता. आम्ही थांबायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी पडद्यांचं कापड घरात आलं. मी तिला म्हणालो, "आई, मला काही आलं नाही." "काय आलं नाही?" "उत्तर." "नाही असं आलं का?" "तसंही नाही. काहीच आलं नाही." तिनं इस्त्री उभी केली. "मग झालं की. हो म्हण." "खोटं होईल ना ते." "खोटं कसं? मला आलंय ना? घरात एकाला आलं म्हणजे पुरे. पाण्याचा नळ काय प्रत्येकाच्या खोलीत असतो?" आईशी वाद घालणं मी फार पूर्वी सोडलं आहे, आणि सोडलं तो दिवसही मला आठवतो. बाबा दवाखान्यात होते. त्यांचे पाय सुजले होते, पोट सुजलं होतं, फक्त चेहरा दिवसेंदिवस छोटा होत होता. आई एका दुपारी बाहेर गेली आणि त्यांच्यासाठी नवे बूट घेऊन आली. तपकिरी, लेस असलेले, सुजेचा अंदाज घेऊन एक नंबर मोठे. तिला ऐकू आलं होतं की ते चालत घरी जाणार. तिनं बूट पलंगाखाली ठेवले, नर्सनं ते दोनदा बाहेर ठेवले, आईनं दोनदा आत. बाबा मला हळूच म्हणाले, "लेस तू बांधशील ना रे? मला वाकता येत नाही." ती लेस मी बांधली, पण ती ज्या दिवशी बांधली त्या दिवशी पायांची सूज उतरली होती आणि बूट सैल झाले होते, आणि शवपेटीचं झाकण लावायला माणसं दारात थांबली होती. आई शांतपणे म्हणाली, "गेले ना चालत घरी." तिच्या तोंडाकडे बघून कुणाची काही बोलायची छाती झाली नाही. माझी तर अजिबात नाही. फक्त तेव्हापासून ती "मला आलंय" म्हणाली की माझी नजर आपोआप कुणाच्यातरी पायांकडे जाते.

शर्ट घालून मी निघालो तर ती दारापर्यंत आली. कॉलर नीट केली, नीटच होती तरी. मग माझ्या खिशाकडे बघत म्हणाली, "तुला वाटतं का रे, मला चुकीचं ऐकू येतं?" हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तुझे कान उत्तम आहेत, आई." "तू तपासलेस कधी?" "नाही." "मग?" ती म्हणाली, आणि कॉलर परत एकदा नीट करून म्हणाली, "जा, जा, उशीर होईल."

चर्च चालत जाण्यासारखं होतं आणि मी चालत गेलो, कारण बसमध्ये बसलं की विचार करावा लागत नाही आणि मला विचार करायचा होता. केला मात्र नाही. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिलो. मला खरं तर तिच्या नकाराचं कारणही माहीत होतं. डोंगरात कुठेतरी, एक दिवस गाडी आणि अर्धा दिवस आणखी कसली तरी गाडी इतक्या लांब, मिशनची एक शाळा आहे. तिथली मुलं ऐकूही शकत नाहीत आणि बघूही शकत नाहीत. त्यांना तळहातावर बोटांनी शिकवावं लागतं, एकेका मुलाला एकेक माणूस. तिथं माणूस हवं असं तिला कुणीतरी कळवलं होतं. तिनं मला ते एकदा सांगितलं, भरभरून, बोटांनी माझ्या तळहातावर पाणी हा शब्द काढून दाखवला, आणि नंतर तो विषय परत कधी काढला नाही. दिवसभर फुटकळ विषयांवर अखंड बोलणारी मुलगी एखाद्या विषयावर गप्प बसली की तो विषय केवढा असेल! मी न राहवून एकदा म्हणालो होतो, चल, मी पण येतो, तिथं कान तपासायला कुणी लागत नसेल तर भांडी घासीन. ती म्हणाली होती, "तू माझ्यामागे येशील, शिट्टी. तिथं कुणाच्या मागे आलेलं माणूस टिकत नाही. मी गेले तरी मला ज्याच्यामागे जायचंय तो देव दिसतो तरी का मला?" आणि मग आम्ही शेंगदाणे खाल्ले होते. पण मला जर देवानंच हो म्हटलं असतं, तर मग गोष्ट वेगळी. मग मी तिच्यामागे गेलो नसतो. मग दोघांना बरोबर पाठवलं असतं. किंवा तिला इथंच ठेवलं असतं. एक शब्द. माझ्या शिट्ट्या, माझा दिवा, आणि बाहेर कुणाला काय कळणार.

मागच्या खोलीत जादा खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात, एक बंद पडलेला पंखा असतो आणि नाताळातली कुठलीतरी चमकी वर्षभर कोपऱ्यात चिकटून असते. बाई आधीच आली होती. हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि ते हात इतके गप्प मी कधी बघितले नव्हते. पाळकसाहेब खडीसाखर चघळत एक माईक उघडून दुरुस्त करत होते. मला बघून त्यांनी स्क्रू एका बशीत काढून ठेवले. "आधी मुलगा," ते म्हणाले. "मुलीचं आधी ऐकलं की मुलगे तेच म्हणतात. बोल बाबा. काय मिळालं?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या ओठांकडे. हा तिच्या धंद्याचा भाग आहे; शब्द बाहेर पडायच्या आधी तिला तो दिसतो. हो म्हणताना ओठ गोल होतात, नाही म्हणताना फाकतात. माझे ओठ गोल व्हायला लागले होते. आणि मी तिचा चेहरा बघितला. तिला नाही मिळालं होतं, हे मला दुपारपासून माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते आता दिसलं. ती वाट बघत होती. तिचा सगळा चेहरा त्या गोल व्हायला लागलेल्या ओठांना हो म्हणत होता. मी बोललो असतो तर तिनं स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवला असता, आनंदानं, ताबडतोब, माझ्या एका शब्दावर. कारण मी खोटं बोलत नाही असा तिचा समज आहे. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्हाला देवाचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही अशी आज्ञा पाठ होती. आम्ही तिचा अर्थ देवाशप्पथ म्हणायचं नाही असा घेतला होता आणि त्याऐवजी आईशप्पथ म्हणायचो. ती आज्ञा शपथेबद्दल नसावी असं मला त्या खुर्चीवर, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तो जे बोलला नाही त्याच्याखाली त्याची सही ठोकायची नाही, एवढंच त्यात होतं. कुठला आवाज आला नाही. खोलीत काही उजळलं नाही. जे पाचव्या वर्षी पाठ केलं होतं तेच होतं.

"मला काही ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे नाही?"

"नाही नाही. नाही असंही आलं नाही. काहीच आलं नाही."

"आणि तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात हो आहे. पण ते माझं आहे. त्याच्यावर त्याचं नाव नको."

बाईनं डोळे मिटले. ते उघडले तेव्हा ती माझ्या ओठांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "मला जायचंय," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "देवानं तसं सांगितलं असं नाही. आवाजबिवाज काही नाही. रोज पहाटे मी ह्याच्यासाठी मागायला बसते आणि उठते तेव्हा त्या मुलांसाठी मागत असते. मी बदलायचा प्रयत्न केला. खूप केला. देवाशप्पथ केला." पाळकसाहेब शपथेला हळूच खोकले आणि मग त्यांनी बशीतला एक स्क्रू उचलून परत ठेवला. "हे आपल्या रीतीत बसत नाही," ते म्हणाले. "एकीकडे नाही आणि एकीकडे काहीच नाही. असं कधी झालं नाही. मला वाटतं, परत थांबावं. काय?" त्यांनी दोघांकडे बघितलं. बाईनं माझ्याकडे. तिनं मान हलवली नाही, हलवणारही नव्हती. ते तिनं माझ्यावर सोडलं होतं, आणि मला माहीत होतं की आणखी काही आठवडे गेले तर तो नकार विरघळेल. मी हे रोज बघतो. माणसाला बारीक शिट्टी बरोबर ऐकू आलेली असते, त्यानं बरोबर दाबलेलं असतं, आणि आपण नुसतं "नक्की ना?" असं तीनदा विचारलं की तो म्हणतो, नाही हो, भास झाला असेल.

"नको," मी म्हणालो. "तिनं बरोबर दाबलंय."

पाळकसाहेबांना ते कळलं नाही. बाईला कळलं. तिच्या तोंडातून एक आवाज आला, हसण्याचा असावा असा, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तो आवाज बराच वेळ पदरातच येत राहिला.

मग पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू, हात धरा. आम्ही हात धरले. तिचा तळहात ओला होता. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबते म्हणून मंडळी कुरकुरते, म्हाताऱ्या उभ्या असतील तर बसून घेतात, आणि मी आजवर त्या लांबण्यावर जेवढे विनोद केलेत त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि म्हणालो, प्रभू, यांना आज खूप सुचू दे. सगळ्या आजाऱ्यांची नावं घेऊ देत. प्रवासात असलेल्यांची, परीक्षा असलेल्यांची, सरकारची, गळक्या छपराची. इतके आठवडे मी त्याच्याकडे काय मागावं हे न कळून कपाटात बसलो होतो, आणि हे मात्र मला नीट मागता आलं. बाईचं बोट माझ्या तळहातावर हललं. ती काही लिहीत होती की नुसता हात थरथरत होता हे मला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, तिच्या वाटेचं रक्षण कर म्हणाले, याच्या घराचं रक्षण कर म्हणाले, आणि मग त्यांना पुढे काही सुचेना. मग म्हणाले, "आमेन."

बाई म्हणाली, "आमेन." मोठ्यानं, गाण्यात म्हणते तसं.

आता मी म्हणायचं होतं. तसंच होवो, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द मी जेवणाआधी, झोपण्याआधी, भाषणं संपली की सुटकेनं, हजारो वेळा म्हटलेला आहे. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. परत प्रयत्न केला. पाळकसाहेब डोळे मिटून वाट बघत होते आणि कुठल्याही क्षणी डोळे उघडून मला ऐकू आलं नाही असं म्हणणार होते. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आवाजाशिवायच तो शब्द म्हटला. बाई माझ्या ओठांकडे बघत होती. तिनं ते पूर्ण वाचलं, शेवटचं अक्षर संपून ओठ मिटेपर्यंत थांबली, आणि मग माझा हात सोडला.